रेडिओ कधी वाचतो, कधी नाही: जुन्या लॅपटॉपचा सिरियल पोर्ट कसा तपासायचा

वायरलेस सेटमध्ये लॅपटॉपवरून फ्रिक्वेन्सी भरायच्या आहेत: नऊ पिनांचा सिरियल पोर्ट असलेला जुना लॅपटॉप, रिब बॉक्स (लॅपटॉप आणि सेट यांच्यामधला इंटरफेस) आणि समोर मोटोरोलाचा जीएम३०० हा सेट. सॉफ्टवेअर उघडतं, सेट वाचायला सांगितला की एकदा वाचतो, पुढच्या खेपेला 'सिरियल बसकडून प्रतिसाद नाही' म्हणून थांबतो. काहीही न बदलता दुसऱ्या दिवशी पुन्हा चालतो. मग 'पोर्ट गेला' असं ठरवून यूएसबी केबल आणली जाते आणि एका घोळाचे दोन होतात.

पोर्ट खरोखर जळलेला असेल तर तो कधीच चालत नाही. कधी चालतो, कधी नाही, हे लक्षण पोर्ट जळल्याचं नाही. त्यामागे बहुधा तिघांपैकी एक असतं: पोर्टचा पत्ता भलतीकडे गेलेला असतो, इंटरफेसला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत, किंवा लॅपटॉप त्या सॉफ्टवेअरसाठी फार वेगवान असतो. तिन्ही ठिकाणी पडद्यावर संदेश एकच येतो, म्हणून संदेशावरून निदान करू नका. साखळी एकेका जागी तोडून तपासा. लागणारं सामान थोडं आहे: मल्टिमीटर, नऊ पिनांचा एक मादी कनेक्टर, वायरचे तुकडे, ९ व्होल्टची बॅटरी आणि १ किलोओहमचा एक रेझिस्टर.

आधी सेट कोणत्या पिढीचा आहे ते बघा. जीएम३००, जीपी३००, मॅक्सट्रॅक यांचं सॉफ्टवेअर डॉसवर चालतं आणि थेट हार्डवेअरशी बोलतं. आपल्याकडे सिक्युरिटीवाल्यांकडून आणि कारखान्यांतून बाहेर पडणारे जीपी३२८, जीपी३३८, जीएम३३८ हे त्यानंतरचे. त्यांचं सॉफ्टवेअर विंडोजचं आहे, त्याला लॅपटॉपच्या वेगाचं वावडं नाही. आयकॉमच्या ओपीसी-४७८ सारख्या केबली आणि बाजारात मिळणाऱ्या बिनारिबच्या केबली पोर्टमधूनच वीज घेतात, त्यांचं दुखणं वेगळं. सेट विंडोजवाला असेल तर खालचा वेगाचा भाग सोडून द्या. पोर्टमधून वीज घेणारी केबल वापरत असाल तर व्होल्टचा भाग आधी वाचा.

पोर्ट नेमका कुठे आहे

डेल लॅटिट्यूड डी६३० किंवा त्याच्या आसपासच्या लॅपटॉपमध्ये सुरू होताना एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि सिरियल पोर्टची नोंद शोधा. तो बंद असू शकतो, 'ऑटो' असू शकतो किंवा कॉम३ वर ढकललेला असू शकतो. 'ऑटो' ठेवू नका. सरळ कॉम१ निवडा, म्हणजे पत्ता ३एफ८ आणि आयआरक्यू (पोर्टनं प्रोसेसरला हाक मारायची लाइन) ४. शेजारीच इन्फ्रारेड पोर्टची नोंद असेल तर तो बंद करा. २००० सालच्या आसपासच्या अनेक लॅपटॉपांत इन्फ्रारेड एखादा कॉम पत्ता अडवून बसतो. आतल्या मोडेमचंही तेच. तो कॉम३ वर असेल तर त्याची आणि कॉम१ ची आयआरक्यू एकच, ४. मोडेमची गरज नसेल तर तोही बंद करा.

मग शुद्ध डॉसमध्ये जा: एमएस-डॉस ६.२२, फ्रीडॉस किंवा विंडोज ९८ चा 'रीस्टार्ट इन एमएस-डॉस मोड'. विंडोज एक्सपीमधली काळी खिडकी चालणार नाही. ती डॉस नाही, डॉसचं सोंग आहे. तिथून केलेलं पोर्टचं वाचन खऱ्या चिपपर्यंत जात नाही.

पुढच्या आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत, कीबोर्डवर अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे टाइप करायचे. आधी 'मोड कॉम१:९६००,एन,८,१' देऊन पोर्टचा वेग ठरवा, मग 'डीबग' हा डॉसचा प्रोग्रॅम सुरू करा. रेघ आली की 'डी ४०:०' टाका. पहिल्या आठ बाइटांत चार कॉम पोर्टांचे पत्ते ओळीनं दिसतात, प्रत्येक पत्त्याचे दोन बाइट मात्र उलट क्रमाने. पहिले दोन बाइट 'एफ८ ०३' असतील तर कॉम१ जागेवर आहे.

इथे एक फसवी गोष्ट आहे. बायोस सापडलेले पोर्ट ओळीनं लावतो, मधे रिकामी जागा ठेवत नाही. ३एफ८ बंद असून २एफ८ चालू असेल तर पहिल्या जागी 'एफ८ ०२' दिसतं आणि डॉस त्याला कॉम१ म्हणतो. डॉसच्या आज्ञा व्यवस्थित चालतात, पण रेडिओचं सॉफ्टवेअर कॉम१ म्हणजे ३एफ८ असं गृहीत धरून तिथेच ठोकत राहतं. टर्मिनल (टाइप केलेलं पोर्टवर पाठवून आलेलं दाखवणारा प्रोग्रॅम) चालतं पण रेडिओ नाही, या तक्रारीमागे कधी कधी एवढंच असतं.

चिप, ड्रायव्हर आणि पिना वेगवेगळ्या तपासा

सिरियल पोर्ट म्हणजे दोन भाग. एक यूएआर्ट, बाइटाचे बिट एकामागून एक पाठवणारा आणि घेणारा, जो हल्ली मदरबोर्डवरच्या मोठ्या चिपमध्येच असतो. दुसरा लेव्हल ड्रायव्हर, म्हणजे पिनांवरचे व्होल्ट सांभाळणारी चिप, लॅपटॉपमध्ये बहुधा मॅक्स३२४३ किंवा त्याच जातीचा. बाहेरचा फटका बसला तर आधी मरतो तो ड्रायव्हर. म्हणून दोघांची परीक्षा वेगळी घ्यायची.

यूएआर्टला स्वतःशीच बोलायला लावता येतं. डीबगमध्ये 'आय ३एफ८' टाकून जुना बाइट काढून टाका. मग 'ओ ३एफसी १०', त्यानंतर 'ओ ३एफ८ ४१', आणि शेवटी 'आय ३एफ८'. उत्तर ४१ आलं तर यूएआर्ट ठणठणीत आहे. ('ओ' हे अक्षर आहे, शून्य नव्हे.) कुठल्याही पत्त्यावर सतत 'एफएफ' येत असेल तर तिथे पोर्टच नाही, बायोसकडे परत जा. इथवर कनेक्टरमध्ये काहीही लावलेलं नसावं.

आता बाहेरची परीक्षा. मादी कनेक्टरवर २ आणि ३ जोडा, ७ आणि ८ जोडा, ४ ला ६ आणि १ जोडा. पिनांचे आकडे कनेक्टरवर कोरलेले असतात, भिंगातून बघून सोल्डर करा. नर आणि मादी बाजूला क्रम आरशातल्यासारखा उलटतो आणि घाईत नेमकी तिथेच चूक होते. पाठवलेलं परत आणणारा हा लूपबॅक लावून 'ओ ३एफसी ३' द्या, म्हणजे डीटीआर (पिन ४) आणि आरटीएस (पिन ७) दोन्ही चालू होतात. मग 'ओ ३एफ८ ५५' आणि 'आय ३एफ८'. ५५ परत आलं तर पाठवणारी आणि घेणारी दोन्ही वाट मोकळी आहे. 'आय ३एफई' दोनदा टाका. पहिल्या वाचनात खालच्या बिटांत बदलाच्या खुणा असतात. दुसऱ्या वाचनात 'बी०' यायला हवं, म्हणजे सीटीएस, डीएसआर आणि डीसीडी (पिन ८, ६ आणि १) तिन्ही चालू. 'ओ ३एफसी ०' देऊन पुन्हा दोनदा वाचलं की ते '००' व्हायला हवं.

आतली परीक्षा पास आणि बाहेरची नापास, तर दोष ड्रायव्हरमध्ये, कनेक्टरच्या सोल्डरमध्ये किंवा वाकलेल्या पिनेत. बॅटरी काढून कनेक्टर बोटानं हलकेच हलवून बघा. वर्षानुवर्षं केबल स्क्रू न लावता घुसवलेली असेल तर बोर्डवरचं सोल्डर तडकतं. अशा वेळी सोल्डर पुन्हा वितळवलं की काम होतं, चिप बदलायला लागत नाही.

दोन्ही परीक्षा पास आणि तरी टर्मिनलमध्ये अक्षर परत येत नाही, तर आयआरक्यूकडे वळा. डीबग पोर्टला स्वतः विचारतो, त्याला इंटरप्टची गरज नसते. टर्मिनल आणि रेडिओचं सॉफ्टवेअर बहुधा इंटरप्टवर अवलंबून असतात. कॉम१ साठी आयआरक्यू ४ दुसऱ्या कुणी घेतलेली नाही ना, ते बायोसमध्ये पुन्हा बघा.

टर्मिनल वापरताना एक सवय लावून घ्या: लूपबॅक लावून अक्षर दिसलं की तो काढूनही टाइप करा. काढल्यावरही अक्षर दिसत असेल तर 'लोकल एको' (टाइप केलेलं टर्मिनलनं स्वतःच दाखवणं) चालू आहे आणि आधीची परीक्षा फुकट गेली.

व्होल्ट मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा आणि नेमकं इथेच कुणी मीटर लावत नाही.

काळा प्रोब पिन ५ वर. पोर्ट शांत असताना पिन ३ वर ऋण व्होल्ट असतात. 'ओ ३एफसी ३' दिल्यावर पिन ४ आणि ७ धन होतात, 'ओ ३एफसी ०' दिल्यावर ऋण. आकडा किती, हे महत्त्वाचं. सिरियल पोर्टच्या आरएस-२३२ या मानकाप्रमाणे घेणाऱ्याला अधिक-उणे ३ व्होल्ट पुरतात, देणाऱ्यानं किमान ५ द्यायचे. जुन्या डेस्कटॉपमध्ये ड्रायव्हरला अधिक-उणे १२ व्होल्टचा पुरवठा असायचा, त्यामुळे पिनांवर ९-१० व्होल्ट आरामात मिळत. लॅपटॉपमधला मॅक्स३२४३ मात्र ३.३ किंवा ५ व्होल्टवरून आतल्या आत व्होल्ट वाढवतो आणि साधारण ५.४ च देतो. मानकाच्या हिशेबानं तो निर्दोष आहे, बिनारिबच्या केबलच्या हिशेबानं उपाशी.

गणित असं. अशा केबलमध्ये डीटीआर किंवा आरटीएसची वीज एका डायोडमधून ७८एल०५ या रेग्युलेटरला जाते. ५.४ मधून डायोडचे ०.७ गेले, उरले ४.७. ७८एल०५ ला स्वतःसाठी पावणेदोन व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणजे बाहेर ३ च्या आसपास. ५ व्होल्टवर चालायला बनवलेली केबल ३ वर धडपडते: थंड असताना चालते, तापल्यावर नाही, एका सेटशी बोलते, दुसऱ्याशी नाही. केबल डेस्कटॉपवर चालते आणि लॅपटॉपवर नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

मोजताना केबल लावलेलीच ठेवा. मोकळ्या पिनेवर ५.५ दिसतात आणि केबल लावताच ४ वर येतात, हा फरक मोकळ्या मोजणीत कळत नाही. दोन उपाय आहेत. केबलच्या कनेक्टरमध्ये ७८एल०५ च्या इनपुटवर १एन४१४८ डायोडमधून ९ व्होल्टची बॅटरी द्या, ऋण टोक पिन ५ ला. किंवा ७८एल०५ काढून एलपी२९५०-५.० बसवा. तो स्वतःसाठी फार कमी व्होल्ट खातो, त्यामुळे बाहेर साडेचारच्या वर मिळतात आणि बहुतेक केबलांना तेवढे पुरतात. पायांचा क्रम दोन्हींच्या डेटाशीटवरून पडताळून मगच सोल्डर करा. बॅटरीचा उपाय दिसायला गबाळा आहे पण खात्रीचा.

पिन ३, ४, ७ तिन्हींवर शून्य आलं म्हणून लगेच ड्रायव्हर जळल्याचं जाहीर करू नका. मॅक्स३२४३ मध्ये वीज वाचवण्याची एक युक्ती आहे: घेणाऱ्या कुठल्याच पिनेवर खरा आरएस-२३२ व्होल्ट दिसला नाही तर तो आपले ड्रायव्हर बंद करून झोपतो. लॅपटॉपनं ही सोय चालू ठेवली असेल तर मोकळ्या पोर्टवर शून्यच दिसणार. असल्या लॅपटॉपवर लूपबॅकही अडकू शकतो, कारण ड्रायव्हर झोपलेला म्हणून व्होल्ट नाही आणि व्होल्ट नाही म्हणून ड्रायव्हर झोपलेला.

त्याला जागं करायला ९ व्होल्टच्या बॅटरीचं ऋण टोक पिन ५ ला आणि धन टोक १ किलोओहममधून पिन ६ ला लावा. पिन ६ म्हणजे डीएसआर, तो घेणारा पिन आहे आणि ९ व्होल्ट त्याला सहज सोसतात. रेझिस्टर घालायचा तो टोक चुकीच्या पिनेला लागलं तरी नुकसान होऊ नये म्हणून. (लूपबॅकमधली ४-६ ची जोडणी आधी सोडवा.) आता पिन ३ वर ऋण व्होल्ट उमटले तर पोर्ट जिवंत आहे. तुमचा इंटरफेस डीएसआर किंवा सीटीएसवर काहीच परत देत नसेल तर केबलमध्ये ४ आणि ६ जोडल्यानं काम होईलच असं नाही, वरच्याच चक्रामुळे. बाहेरून वीज घेणारा रिब इथे उजवा ठरतो.

रिब आणि केबल

रिबला स्वतःची वीज लागते. आतली ९ व्होल्टची बॅटरी अर्धमेली असेल तर वाचन होतं आणि लिहिताना मधेच तुटतं. बॅटरी लोडवर मोजा, ८ च्या खाली जात असेल तर फेका. अ‍ॅडॉप्टर लावायचा तर तो रेग्युलेटेड हवा आणि प्लगची पोलॅरिटी बॉक्सवरच्या खुणेप्रमाणे.

लॅपटॉपचे नऊ पिन आणि रिबचे पंचवीस यांच्यामधली केबल सरळ असते, नल-मोडेम (जाण्या-येण्याच्या तारा आपसात उलटवलेली) नसते. गोंधळ इथे होतो, कारण सरळ केबलमध्येही नऊचा २ पंचवीसच्या ३ ला जातो आणि ३ जातो २ ला. पंचवीस पिनांच्या कनेक्टरवर पाठवण्याचा पिनच २ नंबरचा असतो, म्हणून. बाकीचे असे: ५ ला ७, ४ ला २०, ७ ला ४, ८ ला ५, ६ ला ६, १ ला ८, ९ ला २२. बझर लावून नऊच्या नऊ तपासा. दुकानात 'सिरियल केबल' मागितली की नल-मोडेमही हातात येते, बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. प्रिंटरच्या किंवा मोडेमच्या काही तयार केबलींत फक्त तीन तारा असतात, त्याही उपयोगाच्या नाहीत.

जीएम३०० सारख्या सेटमध्ये जाणं-येणं एकाच तारेवरून होतं. याचा एक फायदा निदानात घेता येतो: लॅपटॉपनं पाठवलेलं प्रत्येक अक्षर त्याच तारेवरून त्याला परत ऐकू येतं. एकतारी केबल लावा, टर्मिनल ९६०० वर उघडा, टाइप करा. प्रतिध्वनी आला तर लॅपटॉपपासून डेटा तारेपर्यंत सगळं नीट आहे आणि दोष सेटच्या बाजूला: माइकचा प्लग अर्धवट बसलेला, सेट बंद, प्लगमधली तार तुटलेली. प्रतिध्वनीच आला नाही तर सेटला हात लावू नका, दोष अलीकडे आहे. सेट न जोडता हे करायचं आणि घरगुती केबलमध्ये पुल-अप (तार धन व्होल्टला बांधून ठेवणारा रेझिस्टर) नसेल तर डेटा तारेपासून केबलच्या ५ व्होल्टपर्यंत तात्पुरता ४.७ किलोओहम लावा, नाहीतर तार हवेत लोंबकळते आणि काहीही दिसतं.

आयकॉमची ३.५ मिलिमीटरची पिन शेवटच्या टिचकीपर्यंत आत जाते की नाही तेही बघा. जाड प्लास्टिकचं आवरण असलेला प्लग सेटच्या रबरी झाकणाला अडतो आणि अर्धा मिलिमीटर बाहेर राहतो. आवरण ब्लेडनं तासलं की बसतो.

वेग

पोर्ट शाबूत, व्होल्ट शाबूत, प्रतिध्वनी येतो, आणि तरी जीएम३०० चं डॉस सॉफ्टवेअर रुसतं. आता लॅपटॉपच्या वेगाकडे बघा. हे सॉफ्टवेअर ३८६-४८६ च्या काळातलं आहे. बाइट पाठवल्यावर किती थांबायचं हे ते घड्याळावरून नाही, मोजणीच्या फेऱ्यांवरून ठरवतं. ६६ मेगाहर्ट्‌झच्या ४८६ वर जी फेरी काही मिलिसेकंद घेते ती २ गिगाहर्ट्‌झच्या कोअर २ डुओवर निमिषात संपते. रेडिओ उत्तर देण्याआधीच सॉफ्टवेअर वाट बघणं सोडून देतं. डी६३० ला नऊ पिनांचा पोर्ट आहे म्हणून तो जीएम३०० ला चांगला, हा समज त्यामुळे अर्धाच खरा आहे.

याच घराण्याचा दुसरा आजार म्हणजे 'रनटाइम एरर २००'. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले प्रोग्रॅम सुरुवातीला लॅपटॉपचा वेग मोजतात आणि साधारण २०० मेगाहर्ट्‌झच्या वर ती मोजणी भागाकारात कोलमडते. प्रोग्रॅम उघडताक्षणी बंद पडला आणि हा आकडा दिसला तर पोर्ट तपासण्यात वेळ घालवू नका. त्यावर पॅच आहेत, ते मूळ फाइलच्या प्रतीवर चालवा.

वेग कमी करायचे मार्ग तीन, त्यांची लायकी सारखी नाही. पेंटियमच्या काळातल्या लॅपटॉपांत बायोसमधून कॅशे बंद करता येते. तो उत्तम उपाय, कारण प्रत्येक आज्ञाच मंद होते. मोस्लोसारखी मंद करणारी सॉफ्टवेअरं खेळांसाठी बरी, पण त्यांच्यातली बरीचशी प्रोसेसरला धावू देतात आणि मधे मधे अडवतात. सरासरी मंद दिसते, पण अडवण्याच्या मधल्या क्षणात वेग पूर्वीचाच. मिलिसेकंदांच्या हिशेबाला त्याचा उपयोग होईल किंवा होणार नाही. तिसरा मार्ग डॉसबॉक्स, म्हणजे जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम: त्याच्या सेटिंग फाइलमध्ये 'सायकल्स=फिक्स्ड ३०००' आणि 'सिरियल१=डायरेक्टसिरियल रियलपोर्ट:कॉम१'. लिनक्सवर कॉम१ च्या जागी 'टीटीवायएस०' आणि वापरकर्ता 'डायलआउट' गटात हवा. सायकल्स हजार-हजारानं वरखाली करून बघा. वाचायला हा मार्ग चालतो. लिहायला मात्र मंद, खरा ४८६ किंवा सुरुवातीचा पेंटियम मिळत असेल तर तोच घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास जुन्या मालात विचारून बघायला हरकत नाही.

आणखी एक बारीक कारण. ९६०० च्या वेगानं एक बाइट सुमारे १.०४ मिलिसेकंदांत येतो. १६५५० यूएआर्टमध्ये १६ बाइटांची रांग असते, पण जुनं डॉस सॉफ्टवेअर ती चालूच करत नाही, म्हणजे हाताशी जागा एकाच बाइटाची. यूएसबी कीबोर्ड-माउससाठी बायोसची जी 'लेगसी' सोय असते ती अधूनमधून प्रोसेसर आपल्या ताब्यात घेते. तेवढ्यात दुसरा बाइट आला तर पहिला पुसला जातो. गडबड झाल्यावर डीबगमध्ये 'आय ३एफडी' वाचून बघा. निवांत पोर्टवर ६० येतं, ६२ आलं तर बाइट पुसला गेला होता. बायोसमधून ही सोय बंद करा. फ्रीडॉस पेनड्राइव्हवरून चालवत असाल तर ती बंद केल्यावर पेनड्राइव्हही दिसेनासा होऊ शकतो, म्हणून आधी सगळं हार्ड डिस्कवर हलवा. लॅपटॉप झोपवून उठवला असेल तर काम सुरू करण्याआधी एकदा पूर्ण बंद करून चालू करा. काही लॅपटॉपांत झोपेतून उठल्यावर सिरियल भाग जागाच होत नाही.

विंडोजवाल्यांसाठी

जीपी३३८ सारख्या सेटना एक्सपी पुरेसं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम१ च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' खिडकीत जाऊन 'यूज फिफो बफर्स'ची खूण काढून बघा. पोर्ट दुसऱ्यानं उघडून ठेवलाय असा संदेश आला तर मागे चालणारं काहीतरी शोधा. पामचा हॉटसिंक, फॅक्सचं सॉफ्टवेअर आणि जुने फोन जोडायचे प्रोग्रॅम पोर्ट धरून बसण्यात पटाईत आहेत. जुनी सॉफ्टवेअरं कॉम४ च्या पुढे बघत नाहीत, त्यामुळे कॉम७ वगैरे आकडा आला असेल तर तिथेच बदलून खाली आणा.

यूएसबी केबल घ्यायचीच असेल तर डॉसच्या सॉफ्टवेअरसाठी ती निरुपयोगी आहे, एवढं लक्षात ठेवा. विंडोजसाठी एफटीडीआयची चिप असलेली घ्या आणि तिच्या सेटिंगमध्ये 'लेटन्सी टायमर' १६ वरून १ मिलिसेकंदावर आणा. प्रोलिफिकच्या जुन्या किंवा नकली पीएल२३०३ चिप विंडोजच्या नव्या ड्रायव्हरबरोबर (हा ड्रायव्हर म्हणजे सॉफ्टवेअर, वरची चिप नव्हे) 'कोड १०' ही चूक देतात. केबल बिघडलेली नसते, ड्रायव्हरच तिला नाकारतो आणि जुना ड्रायव्हर घातला की चालते. विंडोज अपडेट नवा ड्रायव्हर परत आणून बसवतं, म्हणून हा त्रास दर महिन्या-दोन महिन्यांनी उगवतो.

पोर्ट मरतो कसा

दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा लॅपटॉप जमिनीच्या तुलनेत तरंगत असतो. अ‍ॅडॉप्टरमधल्या कपॅसिटरांमुळे त्याच्या धातूच्या भागांवर २३० च्या निम्म्याच्या आसपास एसी व्होल्ट दिसतात. प्रवाह अगदी थोडा असतो, हाताला झिणझिण्या येतात तेवढाच. पण समोर रेडिओ अर्थ केलेल्या १३.८ व्होल्टच्या पुरवठ्यावर असेल, त्याला छतावरची अँटेना लावलेली असेल, आणि कनेक्टर घुसवताना डेटा पिन ग्राउंडच्या आधी टेकला, तर तो सगळा व्होल्ट ड्रायव्हरमधून रेडिओकडे जातो. तीन पिनांचा अ‍ॅडॉप्टर असून भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगच नसेल तरी परिणाम तोच. मग ड्रायव्हर जातो, आणि कधी कधी सेटची डेटा लाइनही.

म्हणून प्रोग्रॅम करताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा, अँटेना काढून तिथे डमी लोड (अँटेनाऐवजी वीज जिरवणारा रेझिस्टर) लावा, सगळ्या जोडण्या आधी करा आणि पुरवठा सगळ्यांत शेवटी चालू करा. ड्रायव्हर गेलाच असेल तर मॅक्स३२४३ ही २८ पायांची बारीक चिप आहे, हॉट एअर असलेल्या माणसाकडून बदलून घेता येते. तेवढं नको असेल तर लॅपटॉपच्या खाचेत बसणारं, १६५५० असलेलं पीसीएमसीआयए सिरियल कार्ड शोधा. एक्स्प्रेसकार्ड घेताना जपून, त्यातली काही आतून यूएसबीच असतात.

पोर्ट सुधारला की लगेच लिहायला जाऊ नका. आधी सेट लागोपाठ तीनदा वाचा. तिन्ही वेळा एकही चूक न येता वाचला तर कोडप्लग (सेटमधून वाचलेली सगळी सेटिंग) सेटच्या सिरियल नंबरच्या नावानं साठवा, त्याची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. पहिल्या लेखनात एकाच चॅनेलचं एखादं निरुपद्रवी सेटिंग बदला, सेट बंद-चालू करून पुन्हा वाचा, बदल दिसला की मग बाकीचं. अर्धवट लिहिला गेलेला कोडप्लग सेट मुका करतो आणि तेव्हा हीच साठवलेली फाइल कामाला येते. हौशी परवानाधारकांनी १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झसारख्या आपल्या पट्ट्यांतच राहायचं. व्यावसायिक सेटमध्ये परवान्यावर लिहिलेली फ्रिक्वेन्सी सोडून दुसरी भरायची नाही.